नाक काजूचं, दोरी आपल्या हाती

उद्या सकाळी आपल्या काजू कुत्र्याला घेऊन समुद्रावर जायचं म्हणताय ना? मग आज रात्री त्याच्या नाकाची गोष्ट ऐकून ठेवा. ती कळली की पुळणीवर तो कुठे थांबतो, काय उकरतो, कशावर भुंकतो, सगळ्याचा उलगडा होईल. त्याची दोरी कधी सैल सोडायची आणि कधी आखडायची, हेही कळेल.

आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात साधारण ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर असतात. काजू जमिनीला नाक लावून हुंगू लागला की एका सेकंदात पाचेक वेळा हवा आत ओढतो. आणि खरी करामत तर पुढेच आहे. आपण श्वास सोडतो तो ज्या वाटेने आत घेतला त्याच वाटेने, त्यामुळे समोरचा वास आपणच उधळून लावतो. कुत्र्याच्या नाकपुडीला कडेला एक चीर असते. त्याचा उच्छ्वास त्या चिरेतून बाजूला आणि मागे निघून जातो, समोरचा वास जागच्या जागी राहतो. उद्या तो कोरड्या वाळूत हुंगत असेल तेव्हा अगदी खाली वाका आणि जवळून बघा. त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक वाळू उडताना दिसेल.

ते नाक बहुतेक वेळा ओलं असतं, तेही उगाच नाही. हवेतले वासाचे कण त्या ओलाव्याला चिकटतात. शिवाय दोन्ही नाकपुड्या हवेचा वेगवेगळा नमुना घेतात, त्यामुळे वास डावीकडून येतोय की उजवीकडून, तेही त्याला समजतं.

“मग आजोबा, त्याला समुद्राचा वास कसा येत असेल?”

छान विचारलंस. आपल्याला समुद्राचा एकच खारट वास येतो. काजूला मात्र काल कुणी खडपावर कालवं फोडली ती जागा, रात्री कोल्हा गेला ती वाट, सुरूच्या बनातलं मुंगसाचं बीळ, वाळत टाकलेलं जाळं, असे सगळे वास वेगवेगळे येतात. आपण समुद्र डोळ्यांनी बघतो, तो नाकाने.

आता निघायचं किती वाजता? घड्याळाआधी पंचांग बघा. आमच्या लहानपणी कोळी, खलाशी सगळे एक हिशेब करत. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. उद्या द्वितीया. दोन पाऊणे दीड. म्हणजे रात्री दीडच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी, सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. हे जमतं कसं? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला रोज सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं, तशी ओहोटीही सर्वांत लांब. उद्या पुळण चांगली रुंद मिळेल. ओली, घट्ट वाळू काजूच्या पायांना सोपी जाते, आणि सकाळी ती तापलेलीही नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजांच्या गाद्यांना. बाकी बहुतेक उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. दुपारी हाताचा पालथा पंजा वाळूवर पाचसहा सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसवला नाही तर त्यालाही सोसवणार नाही.

पुळणीवर उतरलात की काजू पहिल्यांदा नाक खुपसेल ते बारीक गोळ्यांच्या नक्षीत. उकिडवे बसा आणि हलू नका. थोड्या वेळाने बिळातून वाळूच्याच रंगाचा, तुमच्या नखाएवढा खेकडा बाहेर येईल. तो चिमट्यांनी वाळू उचलून तोंडात भरतो. वाळूच्या कणांवर सूक्ष्म शेवाळ आणि जीवाणूंचा पातळ थर असतो, तेवढा गाळून खातो, आणि स्वच्छ झालेली वाळू गोळी करून मागे टाकतो. चाळलेली वाळू पुन्हा चाळावी लागू नये म्हणून तो बिळापासून सरळ रेषेत जातो, परततो, मग शेजारची रेष धरतो. बघता बघता बिळाभोवती ठिपक्यांची रांगोळी उमटते. भरती आली की ती पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला खेकडा नवी घालतो. म्हणजे ही पुळण रोज दोनदा चाळली जाते, स्वच्छ होते. काजूने पाय टाकायचा अवकाश, त्या थरथरीनेच सगळे खेकडे बिळात गडप होतील.

पाण्याच्या कडेला राखी रंगाच्या लहान पक्ष्यांचा थवा तुरुतुरु पळताना दिसेल. हे चिखल्या. हिवाळ्यात यातले कितीतरी हिमालयापलीकडून, लडाख आणि तिबेटच्या उंच पठारांवरून येतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परत जायचं असतं आणि त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरची चरबी. ती साठवायला ओहोटीचे मोजकेच तास हातात असतात. काजू मजेत त्यांच्यामागे धावला की थवा उडतो, घिरट्या घालतो, पुन्हा उतरतो. काजूला वाटतं खेळ झाला, पण पाखरांची साठवलेली शिदोरी खर्च होते. थवा दिसला की दोरी आखडा आणि लांबून वळसा घ्या.

आता वरच्या अंगाला नजर टाका, जिथे भरतीची रेघ संपते आणि मर्यादवेलीची जांभळी फुलं दिसतात. तिथे वाळूत रुंद माग दिसला, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे ठसे उमटलेले, तर जागच्या जागी थांबा. रात्री तिथे ऑलिव्ह रिडली कासवीण येऊन गेली आहे. आपल्या कोकणात नोव्हेंबर ते मार्च हा तिचा अंडी घालायचा काळ. मागच्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. त्यात शंभर-सव्वाशे पांढरी, मऊ कवचाची अंडी घालते. मग वाळू लोटून खड्डा बुजवते आणि आपल्या पोटाखालच्या कवचाने धप धप ठोकून घट्ट करते. पाण्यात परत गेल्यावर ती मागे वळून बघत नाही. पुढचे दीडदोन महिने वाळूची ऊबच पिल्लांना वाढवते. आणि नवल ऐका: पिल्लू नर होणार की मादी, तेही ही ऊबच ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक.

“आजोबा, कासवीण अंडी घालताना रडते, खरं?”

डोळ्यांतून धार लागते हे खरं, पण ते रडणं नव्हे. ती जन्मभर खारं पाणी पिते. अंगात साठलेलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायला तिच्या डोळ्यांमागे ग्रंथी असतात. काजूला अशा ग्रंथी नाहीत. तहानेच्या भरात तो समुद्राचं पाणी प्यायला, तर मिठाने तहान आणखी वाढते, उलट्या होतात, जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि त्याचा वाडगा बरोबर घ्यायचाच.

या कासविणींचा प्रवासही ऐका. ओडिशात गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका कासविणीच्या वल्ह्याला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच कासवीण जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून ती पूर्वेकडून पश्चिमेला आली होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा वेध घेत समुद्री कासवं वाट काढतात.

इतक्या लांबून आलेल्या त्या आईची अंडी एका रात्रीत फस्त होऊ शकतात. आपल्याला वाळू सगळीकडे सारखीच दिसते, पण अंड्यांबरोबर पडलेल्या चिकट द्रवाचा वास कोल्ह्याला आणि कुत्र्याला लांबून लागतो. काजूचं नाक किती तिखट ते आत्ताच ऐकलंत. त्याला दोन मिनिटं मोकळं सोडलं तर दीड फूट वाळू त्याला काहीच नाही. पूर्वी माणसंही ही अंडी उकरून न्यायची. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे थांबवायला सुरुवात केली. गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, माग काढतात, काठी हलकेच खुपसून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघतात. अंडी काढून कुंपणातल्या तसल्याच खड्ड्यात, तेवढ्याच खोलीवर पुरतात. पिल्लं वर आली की त्यांना समुद्राकडे सोडतात. आज वेळास, आंजर्ले, गुहागर इथे हे बघायला लांबलांबून माणसं येतात.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, तो अमेरिकेतला. टेक्सास राज्यात पाद्रे बेटावर राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखलेला एक लांबलचक पट्टा आहे. तिथे केम्प्स रिडली कासवं अंडी घालतात. आपल्या ऑलिव्ह रिडलीची ती सख्खी चुलत भावंडं, आणि समुद्री कासवांत सर्वांत धोक्यात असलेली. ही कासवीण बहुतेक वेळा दिवसा आणि जोराचा वारा असताना किनाऱ्यावर येते, त्यामुळे तिचा माग लगेच पुसला जातो आणि माणसाला घरटं सापडत नाही. तिथे या कासवांसाठी वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. डोना शेव्हर यांच्याकडे केर्न टेरिअर जातीचा एक छोटा कुत्रा होता, रिडली रेंजर नावाचा. त्याला त्यांनी अंड्यांचा वास ओळखायला शिकवलं. माणसांना न सापडलेली घरटी त्याने नाकाने शोधून दिली. पाहा, नाक तेच. कोल्ह्याच्या चेहऱ्यावर असलं की घरटं लुटतं, शिकवलेल्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर असलं की घरटं वाचवतं.

ज्या नाकाचं एवढं कौतुक केलं, ते काजूला धोक्यातही घालतं, हेही सांगून ठेवतो. रापणीच्या जाळ्यातून फेकून दिलेला केंड मासा त्याने तोंडात धरता कामा नये. त्यात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जबर विष असतं आणि त्यावर उतारा नाही. २००९ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर कितीतरी कुत्री आजारी पडली, काही मेली. लाटांनी फेकलेल्या एका समुद्री गोगलगायीत हेच विष निघालं. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, त्यांना ब्लूबॉटल म्हणतात. तो एकच प्राणी वाटला तरी खरं तर ती अनेक जीवांची मिळून झालेली वसाहत असते. मेल्यावरही त्याचे धागे डंख करतात, आणि काजू पुढे करणार ते नाकच. असं काही दिसलं की त्याला आधी मागे ओढा.

काजूला नाक निसर्गाने दिलं, त्यात त्याचा काही दोष नाही. ते नाक घरट्याकडे वळेल की नाही, हे दोरी धरणाऱ्याने ठरवायचं. म्हणून नोव्हेंबरपासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे मेअखेरपर्यंत, कुत्र्याला घेऊन पाण्याच्या कडेच्या घट्ट वाळूवरूनच चाला. मर्यादवेलीच्या बाजूला त्याला मोकळं सोडू नका. वाळूत कासवाचा माग दिसला तर स्वतः काही उकरू नका. कुत्र्याला लांब धरा आणि गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा.