जागल्याचे दिवस

२०२५च्या १५ ऑगस्टला भारतातल्या सार्वजनिक इंटरनेटला ३० वर्षं झाली. विदेश संचार निगमनं १९९५च्या स्वातंत्र्यदिनी ते सुरू केलं, हा मजकूर त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना पाठवला. त्याच आठवड्यात पुतणी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघाली. एका ॲपमध्ये पैसे भरून सिनेमा 'डाउनलोड' करून ठेवला होता. देऊळगाव राजाच्या पुढं तो लावायला गेली, तर मुदत संपल्याचा निरोप. पैसे दिले, फोनमधली जागा अडवली, आणि तरी सिनेमा आपला नाहीच. ज्यांनी फाइलसाठी रात्री काढल्या त्यांना हे लागतं. म्हणून हा मागोवा.

पहिली सात-आठ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मुंबई-पुण्याकडे काय चाललंय ते आम्ही मासिकांत वाचायचो आणि मासिकाबरोबर आलेली सीडी पुरवून पुरवून वापरायचो. मग बुलडाण्यात आणि पाठोपाठ आमच्या चिखलीत सायबर कॅफे निघाले, तिथं लोक बारावीचा निकाल बघायचे. संपला इतिहास.

खरी गोष्ट घरी मॉडेम आल्यावरची, २००३च्या सुमाराची. खोक्यावर ५६ केबीपीएस लिहिलेलं. प्रत्यक्षात सेकंदाला चार-साडेचार केबी उतरले तर दिवस चांगला म्हणायचा. २००४च्या ऑगस्टात विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, तो २६६ एमबीचा. हिशेब केला तर सतरा ते एकोणीस तास. एवढा वेळ फोन सलग लागलेला राहणं आणि वीज सलग असणं, या दोन गोष्टी आमच्या गावात एकत्र कधी घडल्या नाहीत. आणि ब्राउझरची रीत अशी की लाइन तुटली की नव्वद टक्के उतरलेलंही टाकून द्यायचं अन् पुन्हा पहिल्यापासून.

बाजारात उपाय नव्हते असं नाही. गेटराइट होतं, फ्लॅशगेट होतं, डाउनलोड ॲक्सेलरेटर प्लस होतं. फुकटात घ्यावं तर जाहिरातींच्या पट्ट्या. इंटरनेट डाउनलोड मॅनेजर विकतचा, म्हणून गावात सगळीकडे चोरीचा. आणि तो चारचौघांसमोर 'सिरियल नंबर खोटा आहे' म्हणून बोंब मारायचा. मला आणि माझ्या मित्राला दोन्ही नको होतं. शिवाय व्हिज्युअल बेसिक ६ शिकून बसलो होतो, त्याचं करायचं काय हा प्रश्न होताच. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय मांडला, तर मार्गदर्शक म्हणाले, "यात डेटाबेस कुठंय?" आणि लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करायला लावली. त्या वर्षी वर्गात अशा बऱ्याच सिस्टिमी झाल्या. कॉलेजच्या ग्रंथालयात मात्र आम्ही बाहेर पडेपर्यंत रजिस्टरच होतं.

मग प्रोग्राम घरीच लिहिला. रात्रभर शेत राखत बसतो त्या जागल्याचं नाव त्याला दिलं.

मूळ युक्ती आमची नव्हे. १९९७च्या एचटीटीपी १.१मध्ये ती लिहून ठेवलेली आहे. फाइल मागताना 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं सर्व्हरला सांगता येतं. त्याला जमत असेल तर तो २०६ हा आकडा देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. जमत नसेल तर २०० म्हणतो आणि अख्खी फाइल पहिल्यापासून ओतायला लागतो. वाचताना सोपं वाटतं. पण काही सर्व्हर संध्याकाळी २०६ म्हणायचे आणि पहाटे २००. आमचा जागल्या भाबडा, येईल ते जुन्याच्या शेपटाला जोडत जायचा. फ्लेक्स छापणारा आमचा एक टेस्टर दुकानातून ओरडला, "भाऊ, चाळीसची फाइल पासष्टची होऊन राह्यली. व्याज लावते का तुझा प्रोग्राम?" इतका नेमका बग रिपोर्ट मला पुढं नोकरीतही कुणी दिला नाही.

टेस्टर म्हणजे कोण, तर हा फ्लेक्सवाला, एका कृषी सेवा केंद्रातला ऑपरेटर, एक फोटो स्टुडिओ, आणि होस्टेलवरची पोरं. प्रोग्राम फ्लॉपीवर मावायचा, कारण व्हिज्युअल बेसिकचा रनटाइम एक्सपीमध्ये आधीच असतो. विनसॉकची ओसीएक्स फाइल तेवढी सोबत नेऊन रजिस्टर करावी लागे. सायकलीवर फ्लॉपी घेऊन दुकानोदुकानी जायचं, ही आमची नवी आवृत्ती. बटणांवर मराठी असावं अशी फार हौस होती. पण व्हिज्युअल बेसिकच्या बटणांना युनिकोड कळत नाही, 'थांबा'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. शेवटी जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर भागवलं. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला बटणावर इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसायचा, आणि तो त्यातही बरोबर बटण दाबायचा.

मोठ्या शहरांत चाचणीसाठी मुद्दाम वायर उपटत असतील. इथं भारनियमनाचं वेळापत्रक हेच आमचं चाचणीचं वेळापत्रक. कुठवर उतरलं याची नोंद आम्ही एका छोट्या फाइलीत ठेवायचो. वीज नेमकी ती लिहितानाच गेली की नोंद शून्य बाइटची, आणि उतरलेले शंभर एमबी बेवारस. मग नोंद दोन फाइलींत आलटून पालटून लिहायला लागलो, म्हणजे एक मेली तरी दुसरी शाबूत. पुन्हा सुरू करताना जागल्या चार पावलं मागं यायचा. शेवटचे काही केबी परत मागवून जुन्याशी ताडून बघायचा, जुळले तरच पुढं सरकायचा. त्या काळी जो तो 'दसपट वेग' विकत होता. एका फाइलीचे आठ तुकडे करून आठ जोडण्यांनी ओढले की वेग वाढतो, हे सर्व्हरच हात आखडत असेल तेव्हा खरं. तुमची लाइनच चार केबीची असेल तर आठांना अर्धा-अर्धा केबी मिळतो. हे सांगून तोंड दुखलं. लोकांना आठ हलत्या पट्ट्याच आवडायच्या. शेवटी आम्हीही पट्ट्या दिल्या.

जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं. आमच्या गल्लीपर्यंत यायला आणखी वेळ लागला, पण ५०० रुपयांच्या घरगुती योजनेत रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा, मोजणी नाही, ही बातमी आधीच पोचली होती. जागल्या जणू याच सहा तासांसाठी जन्मला होता. एक्स्चेंजचं घड्याळ आणि घरचं घड्याळ यांत फरक नको म्हणून २ वाजून ५ मिनिटांनी तो लाइन जोडायचा, ७:५०ला सोडायचा आणि कॉम्प्युटर बंद करायचा. २५६ केबीपीएसला सहा तासांत, एक सेकंद वाया न घालवता, ६७५ एमबी येतात; उबुंटू लिनक्सची सीडी ७००च्या घरात. म्हणजे ती एका रात्रीत बसतच नाही, दुसरी रात्र घ्यावीच लागते. सकाळी उतरलेल्या आयएसओ फाइलीचा पडताळणीचा आकडा, एमडी५, जुळला की होस्टेलवर निरोप जायचा. एकानं उतरवलेलं मग गावभर फिरायचं. एक सीडी चौफुलीपासून मेहकर फाट्यापर्यंत कुणाकुणाच्या घरी जाऊन ओरखडे घेऊन परत यायची, आणि कुणी कुणाची परवानगी मागत नव्हतं, कारण लिनक्स वाटण्यासाठीच असतं.

डीव्हीडीच्या फाइली आल्या तेव्हा २१४ कोटी बाइटच्या पुढं जागल्याचा आकडा उणे व्हायचा, कारण व्हिज्युअल बेसिकचा लाँग तिथंच संपतो. पैशांसाठीचा करन्सी प्रकार वापरून तेही निभावलं. तोवर गरज ओसरत चालली होती. २००७ पासून योजनांचा वेग २ एमबीपीएसपर्यंत गेला, मग टॉरेंट, मग थ्रीजी. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डाउनलोड हा शब्दच पोरांच्या तोंडून गेला. खामगाव-जालना रेल्वे अजून यायचीच आहे, फोरजी मात्र आलं. २०१७मध्ये फायरफॉक्सनं जुनी एक्स्टेन्शनं बंद केली, त्यात डाउनलोड सांभाळणाऱ्या डाउनदेमऑलचं जुनं रूपही गेलं. त्यानंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. वेग वाढला, एवढंच.

वेगाबद्दल तक्रार करणारा मी नव्हे. तक्रार अशी की तेव्हा हाल काढून उतरवलेली फाइल आपली असायची. दुसऱ्याला देता यायची, दहा वर्षांनी उघडता यायची. आता सेकंदात उतरतं आणि कुलूप त्यांचं. मुदत त्यांनी ठरवायची, कुठल्या फोनवर बघायचं तेही त्यांनीच. याला डाउनलोड म्हणणं हा शुद्ध बनाव आहे. भाड्यानं दिलंय असं सरळ सांगा, लोक तरीही घेतील.

जागल्या अजून माझ्याकडे आहे. विंडोज ११वरही उघडतो, कारण मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिकचा रनटाइम अजून काढलेला नाही. पण जवळजवळ सगळ्या साइटी एचटीटीपीएसवर गेल्या, आणि त्याला कूटबद्ध बोलणं येत नाही. सर्व्हर ३०१ म्हणून दुसरा पत्ता दाखवतो आणि हा दारातच उभा राहतो. त्या कूटबद्ध बोलण्याचा, म्हणजे टीएलएसचा, भाग कुणाला लिहायचा असेल तर सोर्स कोड घेऊन जा. पेनड्राइव्ह आणा, लिंक मी पाठवणार नाही.