रांगेची किंमत

पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद झाली, की म्हापशाच्या बाजारात मासळी महागते. पुरवठा घटला, मागणी तितकीच राहिली, म्हणून भाव चढला, हे आम्ही वर्गात शिकतो. ज्याला परवडत नाही, तो सुक्या बांगड्यावर भागवितो. छातीत कळ आलेल्या माणसाला मात्र असा पर्याय नसतो. शिवाय आपणांस कोणता उपचार हवा, हे त्यास ठाऊक नसते. ते डॉक्टरच ठरवितात. म्हणजे येथे देणाराच घेणाऱ्याची मागणी ठरवितो! केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हे वेगळेपण एका निबंधात मांडले. (योगायोग असा, की १८४२ साली स्थापन झालेल्या पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाचे ‘गोवा मेडिकल कॉलेज’ झाले, तेही १९६३ सालीच.)

त्या महाविद्यालयाचे इस्पितळ आज बांबोळीस आहे. गोमंतकीयांना तेथे बहुतेक उपचार मोफत मिळतात. पण मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे. काही खर्च आपल्याच करांतून जातो आणि उरलेली किंमत रोगी वेळेने मोजतो. पेडण्याचा शेतकरी पहाटेची बस धरतो, वाटेत बस बदलतो, रांगेत उभा राहतो. सोबत आलेल्या मुलाचा रोज बुडतो. ही रक्कम कोणत्याच पावतीवर येत नाही.

रांग लांबली, की ती आखूड कशी करावी, हा प्रश्न येतो. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यांतील रुग्णांना शुल्क लावले. डिचोलीस लागून दोडामार्ग, पेडण्यास लागून बांदा. तिकडच्यांना बांबोळीच जवळ. तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन पेटले. खर्च गोव्याच्या करदात्याने किती सोसावा, हा सरकारचा प्रश्न रास्तच होता. परंतु शुल्काने रांग घटते, आजार घटत नाही. आणि आमच्या कित्येक आत्या-मावश्या त्या बाजूस दिलेल्या आहेत! दोन्ही राज्यांनी खर्च वाटून घ्यावा, हेच आम्हांस योग्य वाटते.

खर्च आवरण्याची दुसरी वाट विम्याची. २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्यास चार लाख रुपयांचे संरक्षण ठरले. शस्त्रक्रियांचे दर आधीच बांधलेले असल्याने बिल मनमानी फुगत नाही.

तिसरी वाट मात्र घराजवळून जाते. कासारवर्ण्याच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेण्यास फार तर अर्धी सकाळ लागते. तो मोजलाच नाही आणि पुढे पक्षाघात झाला, तर बांबोळीची खाट, घरच्यांची रजा आणि बुडालेला हंगाम, सारेच खर्ची पडते.