सव्विसावं कलम

८ नोव्हेंबर १९१८च्या सकाळी फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात उभ्या असलेल्या आगगाडीच्या डब्यात जर्मनीच्या वतीने शस्त्रसंधी मागायला माथियास एर्झबर्गर शिरले. ते सेनापती नव्हते, कॅथलिक सेंटर पक्षाचे खासदार होते. ज्यांनी युद्ध चालवलं आणि जे ते हरले, ते जर्मन सेनानी हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ तिकडे फिरकलेही नाहीत. समोर मित्रराष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फॉश बसले होते आणि टेबलावर कलमांचा कागद होता. तीन दिवसांनी, ११ तारखेच्या पहाटे, सह्या झाल्या. तोफा त्याच दिवशी अकरा वाजता थांबल्या.

त्या कागदावरचं सव्विसावं कलम मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. मित्रराष्ट्रांनी केलेली जर्मनीची सागरी नाकेबंदी आहे तशीच चालू राहील, असं त्यात म्हटलं होतं. जर्मनीला गरजेपुरतं धान्य पुरवण्याचा विचार करू, अशी एक मोघम ओळ शेवटी जोडली होती. बायका-मुलं उपाशी मरतील म्हणून एर्झबर्गरांनी हरकत घेतली. कलम हललं नाही.

जर्मन घरांत भूक काही त्या दिवशी शिरली नव्हती. १९१६च्या ओल्या पावसाळी हंगामात बटाट्याचं पीक गेलं आणि मागोमाग जो हिवाळा आला, त्याला लोकांनी नावच ठेवलं ‘सलगमचा हिवाळा’. एरवी गुरांपुढे टाकायचा जाडाभरडा कंद माणसांच्या ताटात आला. त्याचीच भाजी, त्याचाच मुरांबा, पिठात मिसळून त्याचाच पाव, वाळवून-भाजून त्याचीच कॉफी. सकाळी सलगम, संध्याकाळी सलगम, आणि तेवढ्यासाठीही शिधापत्रिका घेऊन रांगेत उभं राहायचं. यात सरकारच्या चुकाही होत्याच. १९१५ साली, डुकरं माणसांच्या तोंडचं खाणं खातात असा हिशेब मांडून लाखो डुकरं कापली गेली. मग चरबीही संपली आणि शेणखतही. सैन्याला आधी, कारखान्याला नंतर, घरी बसलेल्या म्हातारीला सगळ्यात शेवटी, असा वाटपाचा क्रम होता. ज्याच्याकडे पैसा होता तो काळ्या बाजारातून लोणी आणत होता.

शस्त्रसंधीनंतर हे सगळं सुटेल असं घरोघरी वाटलं होतं. झालं उलटंच. युद्ध चालू असताना निदान बाल्टिक समुद्रात जर्मन कोळी जाळी टाकत होते. आता तिथेही ब्रिटिश नौदल पोहोचलं आणि मासळीही बंद झाली. धान्य विकत घ्यायचं तर सोनं मोजावं लागणार होतं, आणि ते सोनं आमच्या नुकसानभरपाईचं आहे, असं म्हणत फ्रान्सचे अर्थमंत्री क्लोत्झ अडून बसले. या वादात हिवाळा गेला.

गंमत अशी नव्हे, खरं तर वेदना अशी, की ही कोंडी फोडायला कारण झाले ते जिंकलेल्या सैन्यातले साधे शिपाई. कलोनमध्ये ब्रिटिश फौज तळ देऊन होती. छावणीच्या उकिरड्यात खरकटं शोधणारी हडकुळी पोरं शिपायांना रोज दिसत आणि ते आपला शिधा त्यांना देऊन टाकत. आपल्या माणसांना हे बघवत नाही, अशी तार त्यांचे सेनापती जनरल प्लुमर यांनी मार्च १९१९मध्ये पाठवली. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी ती पॅरिसच्या बैठकीत वाचून दाखवली. त्याच महिन्यात ब्रसेल्सला करार झाला : जर्मनीने व्यापारी जहाजं ताब्यात द्यावीत, सोनं मोजावं आणि धान्य घ्यावं. नाकेबंदी पूर्ण उठली ती मात्र १२ जुलैला, व्हर्साय तहाला जर्मन संसदेने मान्यता दिल्यानंतरच. म्हणजे बंदुका थांबल्यावर आठ महिन्यांनी.

किती माणसं गेली? डिसेंबर १९१८मध्ये जर्मन आरोग्य खात्याने नाकेबंदीच्या बळींचा आकडा ७,६३,००० सांगितला. दहा वर्षांनंतरच्या एका अभ्यासात तो ४,२४,०००वर आला. पहिल्या आकड्यात राजकारण होतं हे उघड आहे. पण कमी केलेला आकडाही एका मोठ्या शहराएवढा आहे.

व्हर्साय तहाच्या कागदात आणखी एक तपशील आहे, आणि तो वाचताना हात थांबतो. भरपाईच्या जोडपत्रात गुरांची यादी आहे. ९०,००० दुभत्या गाई फ्रान्सला आणि ५०,००० बेल्जियमला. शिवाय घोडे, मेंढ्या, शेळ्या. ही मागणी निराधार नव्हती. जर्मन सैन्याने चार वर्षांत बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधले गोठे रिकामे केले होते, आणि तिथल्या मुलांनाही दूध हवंच होतं. मार्च १९१८मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियावर तह लादताना जर्मनीनेही दया दाखवली नव्हती. तरीही बर्लिनमधल्या ज्या बाळाला दूध मिळत नव्हतं, त्याने ना बेल्जियममधली गाय पळवली होती, ना कुठल्या तहावर सही केली होती.

हे बोलून दाखवणारी माणसं शत्रूच्या देशांतच निघाली. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एग्लँटाइन जेब ही बाई उपाशी मुलाचं छायाचित्र असलेली पत्रकं वाटत होती. तिला अटक झाली, ५ पौंड दंड झाला. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांनीच तेवढी रक्कम खिशातून काढून तिच्या हाती ठेवली. याच कामातून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था मे १९१९मध्ये उभी राहिली. जुलैत अमेरिकेच्या समाजसेविका जेन अॅडम्स आणि डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींबरोबर जर्मनीत फिरल्या आणि शाळाशाळांतली मुलं पाहून त्यांनी अहवाल लिहिला.

१९२०च्या सुरुवातीला क्वेकरांची जेवणं सुरू झाली. शाळेत डॉक्टर मुलांना तपासत आणि सगळ्यात अशक्त मुलांची निवड करत. त्यांना दिवसातून एकदा गरम खाणं मिळे : कोको, कधी तांदळाची खीर, कधी घेवड्याचं दाट सूप, सोबत पांढरा पाव. ऐन भरात रोज सुमारे दहा लाख मुलं जेवत. चुलींवर राबणारी बहुतेक माणसं जर्मनच होती. क्वेकर हा शब्द त्या पिढीच्या तोंडात खाण्याचंच नाव होऊन बसला.

एर्झबर्गरांनी हे सगळं पूर्ण पाहिलं नाही. सही करणारा तो गद्दार, असा प्रचार झाला आणि २६ ऑगस्ट १९२१ला ब्लॅक फॉरेस्टमध्ये बाड ग्रीसबाखजवळ फिरायला गेले असताना दोन माजी अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. कलमाला हरकत घेणारा माणूसच त्या कलमाचा आरोपी ठरला. भूक खरी होती, पण तिचा राग कुणावर काढायचा हे दुसरेच ठरवत होते.

जानेवारी १९२३मध्ये भरपाईचे हप्ते थकले म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूरच्या कोळसापट्ट्यात घुसलं. निषेध म्हणून काम बंद ठेवलेल्या कामगारांना पगार देण्यासाठी सरकारने नोटा छापल्या, आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागले. बर्लिनमध्ये पावाची किंमत सुमारे २०,००० कोटी झाली. पेन्शनीवर जगणाऱ्या विधवेची आयुष्यभराची बचत तिकिटाएवढीही उरली नाही. शाळांमधली बंद होत आलेली चूल पुन्हा पेटवावी लागली.

त्याच सुमारास केथे कोल्विट्झ या चित्रकर्तीने एक पोस्टर केलं. तिचा धाकटा मुलगा पीटर १९१४च्या ऑक्टोबरातच बेल्जियमच्या आघाडीवर पडला होता. पोस्टरवर फक्त मुलं आहेत, खोल गेलेल्या डोळ्यांची. त्यांनी रिकामे वाडगे वर धरले आहेत. ते कुणापुढे धरले आहेत, ते चित्रात दिसत नाही.