पुणे की लोणेरे? तळेगावात पडणारा प्रश्न

अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली की वडगाव-कामशेतच्या घराघरांत एखादे काका ठासून सांगतात, ‘पुणे विद्यापीठ सोडून बाटूला कशाला जायचं?’ हा प्रश्न मावळात खराच पडतो. तळेगावच्या नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळाच्या दोन अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी एनएमआयईटी हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, तर एनसीईआर हे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी, म्हणजे बाटूशी. संस्था एकच, कॉम्प्युटरची पदवी मात्र दोन विद्यापीठांची.

बाटू खासगी आहे, हा समज आधी काढून टाकू. ते 1989 पासूनचे, राज्याच्या कायद्याने झालेले सरकारी विद्यापीठ आहे. राज्यभरातली महाविद्यालये त्याला जोडली जाऊ लागली ती 2017-18 पासून, म्हणून नाव नवे वाटते. पुणे विद्यापीठ 1949 चे. त्याचे क्षेत्र पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर. आणि बाटू घेतले म्हणून मुलाला रायगडातल्या लोणेरेला पाठवावे लागत नाही. वर्ग, प्रॅक्टिकल सगळे तळेगावातच.

आता ‘बी.टेक. मोठी की बी.ई.?’ पुणे विद्यापीठ अभियांत्रिकीला बी.ई. देते, बाटू बी.टेक. आयआयटीवाले बी.टेक. देतात म्हणून ती वरची, असा तर्क लढवला जातो. मग पिलानीचे बिट्स बी.ई. देते, त्याचे काय करायचे? पुणे विद्यापीठाच्याच काही स्वायत्त महाविद्यालयांतून बी.टेक. मिळते. दोन्ही पदव्यांचा दर्जा एकच, दोन्ही चार वर्षांच्या. गेटला कॉम्प्युटरचा पेपर दोघांनाही तोच, आणि नोकरीच्या जाहिरातीत तर ‘बी.ई./बी.टेक.’ असे जोडूनच छापलेले असते. या वादात घालवलेला वेळ वायाच.

काकांचा हुकमी एक्का म्हणजे रँकिंग. 2024 च्या एनआयआरएफ मानांकनात राज्य विद्यापीठांच्या यादीत पुणे विद्यापीठ देशात तिसरे होते, हे खरे. पण ते मानांकन विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारातल्या विभागांचे, तिथल्या प्राध्यापकांचे आणि संशोधनाचे. लोणावळ्याच्या किंवा तळेगावच्या संलग्न महाविद्यालयाला त्यातले काही आपोआप मिळत नाही. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते, पदवी देते, शिकवते महाविद्यालय.

खिशाला सर्वांत महाग पडणारा गैरसमज फीचा. सरकारी विद्यापीठ म्हणजे सरकारी फी, असे नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयागणिक ठरवते. विद्यापीठ पुण्याचे की लोणेरेचे, याचा तिच्याशी संबंध नाही. सवलतीचे गणितही वेगळे. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठेही या योजनेबाहेर आहेत, आणि साते इथले पिंपरी चिंचवड विद्यापीठ त्याच प्रकारचे. राज्याच्या कायद्याने स्थापन झाले एवढ्यावरून ते ‘राज्य विद्यापीठ’ ठरत नाही. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलीसाठी हा फरक चार वर्षांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काचा आहे.

एका बाबतीत मात्र विद्यापीठ नीट विचार करूनच निवडावे. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे असल्याने मध्येच इकडून तिकडे जाणे कटकटीचे असते.

माझे मत विचाराल तर पुणे की बाटू हा प्रश्न यादीत शेवटी ठेवा. सीईटी सेलच्या माहितीत महाविद्यालयाची यंदाची संलग्नता आणि मंजूर फी तपासा. मग लोकल पकडून प्रत्यक्ष जा आणि गेटबाहेर चहा पिणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: शिक्षक वर्षभर टिकतात का, लॅब खरेच उघडी असते का आणि गेल्या वर्षी कॉम्प्युटरच्या किती जणांना नोकरी लागली. फॉर्म त्यानंतर भरा.