चार चाकांचा जोर आणि दहा वर्षांचा संसार

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी रीलमध्ये भारी दिसते, पण ती घरात सांभाळायची म्हणजे काय? घरच्या गाडीची किल्ली नुकतीच हातात आलेल्या किंवा लवकरच येणार असलेल्या सगळ्यांसाठी हा हिशोब.

पाऊस सुरू झाला की इन्स्टावर एक रील हमखास फिरतं. घाटातला लाल चिखल, त्यात रुतलेली एक गाडी आणि तिच्या शेजारून गुरगुरत वर निघून जाणारी दुसरी. कमेंट्समध्ये लगेच 'फोर बाय फोर'चा जयघोष सुरू होतो, आणि घरात गाडी घ्यायची किंवा बदलायची चर्चा चालू असेल तर आपणही बाबांच्या मागे लागतो : घ्यायची तर अशीच घ्या!

रील तीस सेकंदांचं असतं. गाडी मात्र घरात दहा-बारा वर्षं राहते. त्या वर्षांत ती आजीला दवाखान्यात नेते, गणपतीला गावी जाते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहते आणि चिखलात फार तर चार-सहा वेळा उतरते. म्हणून प्रश्न 'चढेल का?' एवढाच नाही. 'दहाव्या वर्षीही चढेल का, आणि त्यासाठी आपण काय करायचं?' हा खरा प्रश्न आहे.

आधी फरक समजून घेऊ

थार, जिमनी किंवा जुनी जिप्सी या रांगड्या 'फोर बाय फोर' गाड्या. त्यांच्यात वेगळा लिव्हर आणि 'लो रेंज' गिअर असतात. वेग कमी आणि ताकद जास्त, असा तो मामला. कुटुंबासाठीच्या बहुतेक ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे 'एडब्ल्यूडी' गाड्यांमध्ये हे नसतं. एरवी इंजिन पुढची चाकंच फिरवतं. पुढचं चाक घसरलं की मागच्या डिफरन्शियलजवळचा एक क्लच आवळला जातो आणि मधल्या लांब शाफ्टमधून आलेली ताकद मागच्या चाकांना मिळते. हे सगळं क्षणार्धात होतं. आपल्याला बऱ्याचदा कळतही नाही.

कल्पना जुनी आहे. जपानमधल्या तोहोकू भागात बर्फ भरपूर. तिथल्या वीज कंपनीला हिवाळ्यात तारांच्या दुरुस्तीसाठी जीपपेक्षा आरामशीर गाडी हवी होती. त्यातूनच पुढे १९७२ मध्ये सुबारूची चारही चाकांना ताकद देणारी लिओनी इस्टेट बाजारात आली. १९८० मध्ये ऑडीने 'क्वात्रो' आणली आणि रॅलीच्या मैदानात हे तंत्र गाजलं. आपल्याकडे एक्सयूव्ही ५००, डस्टर, कंपास, ग्रँड विटारा, एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांच्या काही व्हेरिएंटमधून ते घरगुती पार्किंगपर्यंत पोहोचलं.

डस्टरचं उदाहरण

लांब पल्ल्याचा संसार कसा असतो हे बघायला रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी हे चांगलं उदाहरण आहे. डस्टर भारतात २०१२ मध्ये आली, तिचं एडब्ल्यूडी व्हेरिएंट २०१४ मध्ये. दीड लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअर, चढावर उपयोगी पडणारा छोटा पहिला गिअर आणि साध्या डस्टरपेक्षा वेगळं, मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन. एक गोल नॉब : टू-व्हील, ऑटो, लॉक. बस्स. खराब रस्त्यावर पोटातलं पाणी न हलू देणारी गाडी, असं तिचं कौतुक आजही ऐकू येतं.

२०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले, रेनॉने भारतात डिझेल बंद केलं आणि ही गाडीही थांबली. ज्यांच्या दारात ती आहे, त्यांच्यासाठी गणित तेव्हापासून बदललं. इंजिनचे पार्ट मिळवणं तुलनेने सोपं, कारण तेच इंजिन रेनॉ-निसानच्या इतरही गाड्यांमध्ये होतं. पण मागचं डिफरन्शियल, त्यावरचा क्लच, मधला शाफ्ट हे फक्त एडब्ल्यूडीचे पार्ट. अशा गाड्या मुळातच कमी विकल्या गेल्या, त्यामुळे हे पार्ट सहज हाताशी नसतात.

हा धडा डस्टरपुरता नाही. कुठल्याही गाडीचं जे व्हेरिएंट कमी खपतं, त्याचे खास पार्ट दहा वर्षांनी शोधावे लागतात. म्हणून ते बिघडूच नयेत याची काळजी घेणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

खरा शत्रू : वेगवेगळे टायर

साध्या गाडीत आपण काय करतो? पुढचे दोन टायर गोटा झाले की दोन बदलतो, मागचे 'अजून वर्षभर जातील' म्हणून ठेवतो. एडब्ल्यूडीमध्ये हीच काटकसर महागात पडते.

थोडं गणित करू. २१५/६५ आर १६ मापाच्या नव्या टायरचा व्यास साधारण ६८६ मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून ३ वर आली, तर व्यास १० मिलिमीटरने कमी होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नवा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ४६४ वेळा फिरतो आणि झिजलेला ४७१ वेळा. म्हणजे दर किलोमीटरला ७ फेऱ्यांचा फरक. मुंबई-पुणे एका फेरीत हाच फरक हजाराच्या घरात जातो.

गाडीच्या सेन्सरला वाटतं, चाकं घसरतायत! कोरड्या, सरळ एक्स्प्रेस-वेवरही तो क्लच पुन्हा पुन्हा आवळायला बघतो. क्लच तापतो, झिजतो आणि एक दिवस मोठं बिल येतं. टायरमध्ये वाचवलेले पैसे व्याजासकट परत जातात.

म्हणून एडब्ल्यूडीचा पहिला नियम : चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकत्र घेतलेले. दर १० हजार किलोमीटरच्या आसपास रोटेशन करायचं, म्हणजे चारही सारखे झिजतात. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिलाही पाळी द्यायची. मग मध्येच एखादा टायर फाटला तरी त्याच वयाचा जोडीदार डिकीत तयार असतो.

मॅन्युअल कोण वाचणार? तुम्हीच

एडब्ल्यूडीमध्ये इंजिन ऑइलशिवाय आणखी दोन ठिकाणी ऑइल असतं : पुढे, जिथून ताकद मागे वळवली जाते तिथे, आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये. सर्व्हिसिंगला येणाऱ्या बहुतेक गाड्या टू-व्हील-ड्राइव्ह असल्यामुळे नेहमीच्या यादीत ही नावं सुटू शकतात. आपण विचारलं नाही तर ते ऑइल वर्षानुवर्षं तसंच राहतं. पाण्यातून किंवा खोल चिखलातून गाडी गेली असेल, तर ते आधीच तपासून घ्यायला हवं.

डस्टरच्या त्या डिझेल इंजिनमध्ये टायमिंग बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बेल्टला किलोमीटरचीही मर्यादा असते आणि वर्षांचीही. जी आधी येईल ती पाळायची. 'गाडी कमी चाललीय, राहू द्या' हे इथे चालत नाही.

बाबांना ऑफिस आहे, आईला शंभर कामं आहेत. हातमोज्यांच्या कप्प्यात पडलेलं मॅन्युअल काढून त्यातलं वेळापत्रक मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकायला तुम्हाला अर्धा तास लागेल. गाडीचं आयुष्य वाढवायला मेकॅनिक असावं लागत नाही.

चढते, पण थांबते का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते छान, चढते छान. थांबते मात्र इतर गाड्यांसारखीच. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. उलट एडब्ल्यूडीचं वजन थोडं जास्तच. ओल्या आंबोली घाटात वळणावर समोर म्हैस आली, तर तुम्हाला वाचवणार तो टायर, त्याची नक्षी आणि तुमचा कमी वेग. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळी घाटासाठी तेवढ्यावर विसंबू नये. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याचा उद्योग तर बंदच. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं.

धोका असा की चढण सहज पार झाली की आत्मविश्वास वाढतो. रस्ता निसरडा आहे हे साध्या गाडीत चाक फिरायला लागलं की लगेच कळतं. एडब्ल्यूडीमध्ये ते कळतं ब्रेक दाबल्यावर.

पाण्याचंही तसंच. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कुठलाही बॅज उपयोगाचा नाही. साधारण ३० सेंटीमीटर वाहतं पाणी लहान गाडी ढकलू शकतं, ६० सेंटीमीटर एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकतं. गाडी हलकी होऊन तरंगायला लागली की चारही चाकं फिरली काय आणि न फिरली काय! पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. आत पाणी गेलेलं असेल तर इंजिन कायमचं जातं आणि साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

आणि समुद्रकिनारा? ओल्या वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या गाड्यांचे फोटो कोकणातून दर सुट्टीत येतात. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात. कासच्या पठारावरची फुलं मातीच्या पातळ थरावर उभी असतात. गाडी जाऊ शकते म्हणून ती नेलीच पाहिजे असं नाही.

गरज आहे का?

वर्षातले किती दिवस चारही चाकांची ताकद लागणार आहे, हे कागदावर लिहून बघा. गावचं घर कच्च्या चढावर आहे, शेतावर जाणं-येणं आहे, दर हिवाळ्यात हिमाचलची वारी आहे, तर उत्तर 'हो' असू शकतं. मनालीजवळ अटल बोगद्याच्या रस्त्यावर बर्फ पडला की अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. पण कॉलेज, मॉल आणि वर्षातून एकदा महाबळेश्वर एवढाच कार्यक्रम असेल, तर चांगले टायर लावलेली साधी गाडी पुरते.

खर्चही मोजा. ग्रँड विटाराचे कंपनीचे सुरुवातीचे अधिकृत आकडे बघितले तर साधी मॅन्युअल गाडी लिटरला २१.११ किलोमीटर द्यायची, एडब्ल्यूडी मॅन्युअल १९.३८. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर सुमारे ५० लिटर पेट्रोल जास्त. दहा वर्षांत ५०० लिटर. वर गाडीची जादा किंमत आणि चार-चार टायरचे सेट. हा खर्च वाईट नाही, फक्त तो माहीत असायला हवा. पुढे इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हे चित्र बदलेल. हॅरिअर ईव्हीच्या दोन मोटरवाल्या व्हेरिएंटमध्ये मागच्या चाकांना स्वतःची मोटर आहे, त्यामुळे मधला शाफ्टच नाही. टायरची शिस्त मात्र तिथेही सुटत नाही.

सेकंड हँड बघताय? हे करा

• चारही टायर वाचा. कंपनी, माप आणि बाजूवरचा चार आकडी कोड बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चार टायर चार वर्षांचे निघाले तर पुढचे प्रश्न विचारा.

• मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, नॉब असेल तर ऑटोवर ठेवून. गाडी अडखळत, झटके देत फिरली किंवा मागून 'खट्खट' आली तर सावध व्हा.

• साठ-सत्तरच्या वेगात गाणी बंद करून ऐका. मागून सतत घुमल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग किंवा डिफरन्शियल तपासून घ्या.

• गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. डिफरन्शियलभोवती तेलाचा ओलावा, वाकलेला शाफ्ट, गंज.

• सर्व्हिसची बिलं मागा. त्यात मागच्या डिफरन्शियलच्या ऑइलचा उल्लेख असेल, तर आधीच्या मालकाने गाडी जपलीय.

• आरसी बघा. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पुढची पाच वर्षं मिळवावी लागतात.

• गाडी बंद पडली आणि टोइंगची वेळ आली तर 'फ्लॅटबेड पाठवा' असंच सांगा. दोन चाकं उचलून आणि दोन रस्त्यावर घासत नेली तर एडब्ल्यूडीचा क्लच आणि गिअर वाटेतच खराब होऊ शकतात.

घरात अशी गाडी असेल, तर या रविवारी एक काम करा. पार्किंगमध्ये जा, चारही टायरवरचे कोड वहीत लिहा, नक्षी बघा आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते बाबांना विचारा. त्यांनाही आठवलं नाही, तर सर्व्हिस सेंटरला फोन कुणी करायचा हे ठरलंच!