ओट्याचा दगड : खाणीतला की कारखान्यातला?

मी चंदनसारहून बचत गटांची समन्वयक बोलते आहे. गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली की 'घरदुरुस्ती' हे कारण नेहमीचं. घरदुरुस्तीत आधी स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात आधी ओटा. त्या ओट्यापाशी दिवसातून चार-पाच तास उभी राहते बाई, पण दगड ठरवतात मिस्त्री, दुकानदार आणि घरातली पुरुषमंडळी. दगडाची माहिती आपल्याला असेल तर आपणही दोन शब्द ठामपणे बोलू शकू. म्हणून आज हा विषय घेतला.

दुकानात ओट्यासाठी मुख्यतः दोन जातींचे दगड दाखवतात. एक खाणीतून काढून कापलेला, म्हणजे ग्रॅनाइट, कडप्पा, संगमरवर. दुसरा कारखान्यात तयार केलेला. त्याला दुकानदार 'क्वार्ट्झ' म्हणतात.

आधी खाणीतल्या दगडांचं पाहू. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात शिलारस फार सावकाश थंड होऊन तयार झाला. म्हणून त्यात दाणे स्पष्ट दिसतात आणि तो कठीण असतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही शिलारसाचाच, पण तो जमिनीवर येऊन लवकर थंड झाला, म्हणून त्याचे दाणे बारीक. आपला पाटा-वरवंटा त्याच पाषाणाचा. ओट्याचा ग्रॅनाइट मात्र दक्षिणेकडून आणि राजस्थानातून येतो.

कडप्पा हे नाव आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यावरून पडलं. हा दगड चुनखडीच्या जातीचा. संगमरवरही मूळचा चुनखडीच. चुनखडीचं आणि आंबटाचं जमत नाही. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ, व्हिनेगर सांडून तसंच राहिलं तर दगडाची चमक जाते आणि पांढुरका डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, कारण दगडाचा वरचा थरच खाल्लेला असतो. आपल्या घरात मासळीला आगळ आणि चिंच रोजची. म्हणून कडप्पा ओट्याखालच्या उभ्या पायांना, फडताळाला, मांडणीला उत्तम आणि स्वस्त. वरच्या लादीला ग्रॅनाइट बरा.

आता कारखान्यातला दगड. 1960 च्या दशकात इटलीतल्या ब्रेटन कंपनीने ही पद्धत आणली. क्वार्ट्झ म्हणजे गारेचा दगड. त्याचा चुरा साधारण नव्वद टक्के आणि बाकी रेझिन म्हणजे चिकटवणारं प्लास्टिक आणि रंग. हे मिश्रण दाबून, तापवून लादी बनते. त्यामुळे रंग सगळीकडे एकसारखा येतो. दगड पाणी आणि तेल जवळजवळ शोषत नाही. ग्रॅनाइटला अधूनमधून सीलर लावावा लागतो, तो याला लागत नाही. हे याचे खरे गुण आहेत.

पण त्यातलं रेझिन उष्णता फार सोसत नाही. साधारण दीडशे अंशांच्या पुढे ते करपायला, पिवळं पडायला लागतं. तळणीचं तेल 170 ते 190 अंश तापतं आणि भाकरीचा लोखंडी तवा त्याहून जास्त. चुलीवरून किंवा शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ओट्यावर टेकवायची आपली सवय. ग्रॅनाइट ती बहुतेक वेळा सोसतो, क्वार्ट्झवर कायमचा डाग राहतो. क्वार्ट्झ घेतलाच तर लाकडी पाट किंवा लोखंडी तिवई हाताशी ठेवावी लागेल, आणि घरातल्या प्रत्येकाला ती सवय लावावी लागेल. दुसरं म्हणजे ऊन. मागच्या दारी मोरीजवळ, पडवीत मासळी साफ करायला ओटा बांधत असाल तर तिथे क्वार्ट्झ नको. उन्हाने त्याचा रंग बदलतो.

आणखी एक. 'कोरियन' म्हणून पांढराशुभ्र, बिनसांध्याचा ओटा दाखवतात. तो दगड नसून अॅक्रिलिक प्लास्टिकचा प्रकार आहे. त्याला गरम भांडं आणि सुरी, दोन्ही सोसत नाहीत.

दुकानात गेल्यावर दगड तिथेच तपासा. लादीचा तुटलेला कोपरा पाहा. वरून काळाभोर आणि आतून करडा असेल तर वरून रंग चढवलेला असू शकतो. नखांचा रंग काढायचं द्रावण पांढऱ्या फडक्यावर घेऊन लादी घासा. फडकं काळं झालं तर ती लादी नको. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे थेंब आणि पाण्याचे थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. लिंबाने चमक गेली तर दगडात चुनखडी आहे. पाण्याखाली दगड गडद झाला तर तो शोषणारा आहे, त्याला सीलर लागेल. लादी उन्हात तिरकी धरून केसासारखी भेगही पाहा.

आता हिशेब. समजा, ओटा 8 फूट लांब, 2 फूट रुंद. म्हणजे 16 चौरस फूट. दोन दगडांच्या दरात चौरस फुटाला 200 रुपयांचा फरक असेल तर एकूण फरक 3,200 रुपये. गटाचा व्याजदर महिना शेकडा 2 असेल तर त्या फरकावर पहिल्या महिन्याचं व्याज 64 रुपये. शिवाय कडेची गोलाई फुटाच्या हिशेबाने, सिंकचं आणि शेगडीचं कटिंग वेगळं, गाडीभाडं वेगळं. काही दुकानदार क्वार्ट्झच्या अख्ख्या लादीचे पैसे घेतात, उरलेला तुकडा आपल्या कामाचा असो वा नसो. म्हणून नुसता दर विचारू नका. 'बसवून एकूण किती?' असं विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

शेवटची गोष्ट पैशांहून मोठी आहे. दगड कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. संगमरवरात ती नावापुरती, ग्रॅनाइटमध्ये बरेचदा निम्म्याहून कमी, क्वार्ट्झमध्ये नव्वद टक्क्यांपर्यंत. तिचे अतिबारीक कण फुप्फुसात खोलवर जाऊन रुततात आणि तिथे व्रण धरतात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. खोकला, दम, वजन घटणं या लक्षणांमुळे कित्येकदा तो टीबी समजला जातो, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोकाही जास्त असतो. क्वार्ट्झ कापणारे तरुण कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्या बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्या देशात राजस्थान सरकारने 2019 साली सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी वेगळं धोरण आणलं, कारण तिथे खाणींत आणि दगडकामात राबणारे लोक फार.

ओटा आपल्या घरात बसला की त्यावर स्वयंपाक करणाऱ्याला या धुळीचा धोका नाही. धोका कापताना असतो. आणि कापणारा कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा असतो. आपल्या गटांतल्या घरांतूनही पोरं फरशीच्या कामाला जातात. म्हणून दगड ग्रॅनाइट असो की क्वार्ट्झ, माप आधी देऊन कटिंग दुकानातच, पाणी सोडून करून घ्या. घरात थोडं कापावं लागलंच तर कोरड्या ग्राइंडरने कापू देऊ नका, मुलांना आणि म्हाताऱ्यांना शेजारी पाठवा. कारागिराने नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-95 मास्क लावावा, रुमालाने ही धूळ अडत नाही. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरातल्या कुणाला हे काम करून खोकला आणि दम लागत असेल तर डॉक्टरांना 'दगड कापायचं काम करतो' हे आवर्जून सांगा.

माझ्यापुरतं विचाराल तर रोज भाकरी, तळण आणि आंबट असलेल्या घरात, कर्जाच्या पैशातून ओटा होत असेल, तर गडद रंगाचा चांगला ग्रॅनाइट घ्यावा. खाली पायांना कडप्पा. ज्यांच्याकडे पैसे आहेत, गरम भांडं पाटावर ठेवण्याची सवय आहे आणि रंग एकसारखाच हवा आहे, त्यांनी क्वार्ट्झ घ्यायला हरकत नाही, कटिंग पाण्याखाली होईल एवढं पाहावं.

पुढच्या बैठकीत ज्या ताईचा घरदुरुस्तीचा अर्ज असेल तिच्याबरोबर गटातल्या दोघींनी दुकानात जावं. जाताना एक लिंबू आणि पांढरं फडकं पिशवीत टाकावं.