किनारा एका रात्रीच्या अंतरावर

फिलिपीन्सच्या पलावान बेटावरील पुएर्तो प्रिन्सेसा बंदरातून संध्याकाळी निघालेली बोट रात्रभर सुलू समुद्रातून जाते, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी सकाळी तुब्बताहाचे प्रवाळ दृष्टीस पडतात. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. तेथे गाव नाही, हॉटेल नाही, औषधाचे दुकान नाही. वाळूच्या एका पट्ट्यावर उद्यानरक्षकांची चौकी तेवढी आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झालेले आणि १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले हे सागरी क्षेत्र आज ९७,०३० हेक्टरांवर पसरले आहे. समुद्र शांत असतो तो साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. या तीन महिन्यांतच पर्यटकांच्या बोटी तेथे जातात, आणि बोट हेच आठवडाभराचे घर असते. तेथेच निजायचे, तेथेच जेवायचे आणि तेथूनच दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे.

स्कूबाचा पहिला धडा आता परदेशात जाऊनच घ्यावा लागतो असे नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था मालवणजवळ तारकर्लीला आहे. अंदमान व लक्षद्वीप येथेही शिक्षण मिळते. मात्र मालवणच्या समुद्रात प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली डुबकी आणि तुब्बताहाची खोल उतरत गेलेली प्रवाळभिंत यांत फार अंतर आहे. प्राथमिक प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतच्या खोलीचे असते, त्यापुढचे ३० मीटरपर्यंतचे. तुब्बताहात प्रवाह जोरकस असतात आणि पायाखाली तळ दिसत नाही. म्हणून नुसते प्रमाणपत्र पुरत नाही, पुरेशा डुबक्यांची नोंदवही लागते. पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगण्याचा सराव तर घरूनच करून जावा. फिनचा एक बेसावध फटका कित्येक वर्षांची प्रवाळवाढ मोडतो, आणि प्रवाळ हा दगड नव्हे, ती जिवंत सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकी नौदलाचे ‘गार्डियन’ हे जहाज येथील प्रवाळावर रुतले आणि शेवटी तुकडे करूनच काढावे लागले. तुब्बताहातील कडक नियमांचे कोणाला नवल वाटत असेल तर ही हकीकत पुरेशी आहे.

तयारीचा गाभा मात्र सामानात नसून शरीरात आहे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो. या दाबाखाली श्वासातील नत्रवायू रक्तात व ऊतींत विरघळत राहतो. सावकाश वर आले तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोडावॉटरची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असा दंडक आहे. आठवडाभर दररोज अनेक डुबक्या घेतल्या की नत्रवायूची ही शिल्लक साचत जाते. सांधेदुखी, हातापायांना मुंग्या, अंगावर चट्टे, अकारण थकवा ही बुडबुड्यांची लक्षणे होत. ती पुष्कळदा ‘पोहून दमलो’ म्हणून दुर्लक्षिली जातात. बोटीवर शुद्ध प्राणवायू देता येतो, परंतु खरा उपचार दाबकक्षात होतो, आणि किनारा एका रात्रीच्या अंतरावर असतो.

यासाठीच निघण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया, नियमित औषधे, पंचेचाळिशीनंतरच्या काही तक्रारी असे सारे प्रश्न तीत असतात. एखाद्या उत्तरापुढे ‘होय’ आले की डॉक्टरांची स्वाक्षरी लागते. पेढीवर दिवसभर बसणाऱ्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या गृहस्थाला हा कागद बोचतो, कारण तोपर्यंत बोटीचे पूर्ण पैसे भरलेले असतात, तिकिटे निघालेली असतात आणि अखेरच्या टप्प्यात परतावा मिळत नाही. मग ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो. पाण्यात उतरण्याच्या दिवशी सर्दीने कान बंद असले तरी हाच हिशेब डोके वर काढतो: एवढे पैसे घातले, आता बसून कसे राहायचे? व्यापारात बुडीत रकमेमागे नवी रक्कम लावणाऱ्याला घरचे वडीलधारे थांबवतात. येथे थांबवायला कोणी नसते. सर्दी दाबणारी गोळी घेऊन उतरावे आणि तिचा परिणाम खोलवर असतानाच ओसरावा, तर वर येताना कोंडलेली हवा कान व सायनस यांना इजा करते. म्हणून डॉक्टरांकडे जायचे ते नोंदणी करण्याआधी, पैसे भरल्यावर नव्हे. एक-दोन डुबक्या चुकतील हे तर घरूनच गृहीत धरून निघावे.

विम्याचेही असेच. साध्या प्रवासविम्यात स्कूबा अनेकदा वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. दाबकक्षातील उपचार आणि समुद्रातून रुग्णाला हलविण्याचा खर्च त्यात स्पष्ट शब्दांत आहे का, हे वाचूनच सही करावी.

जेवणाची व्यवस्था बोट सुटण्यापूर्वीच ठरते, कारण आचाऱ्याचा बाजार बंदरात होतो आणि पुढे बाजारच नाही. केवळ ‘शाकाहारी’ एवढे कळवून भागत नाही. त्या मुलखात भाजीत सुकी कोळंबी किंवा माशाचा रस घालणे ही सामान्य गोष्ट आहे. अंडे, मासळी, कांदा, लसूण, बटाटा, ज्याचे जे वर्ज्य असेल ते पदार्थागणिक लिहून, काही आठवडे आधी कळवावे. संध्याकाळच्या डुबकीनंतर जेवण मांडण्याची बोटींवर रीत असते; सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी आपले ताट आधी मागून ठेवावे आणि ती डुबकी सोडावी. खाकरे, भाजलेले डाळे, मेतकूट बरोबर असले की अडत नाही. मात्र उपवास आणि डुबकी यांचा मेळ बसत नाही. शरीरात पाणी कमी असताना बुडबुड्यांचा धोका वाढतो असे मानले जाते, आणि थकवा तर वाढतोच. चैत्रातील आयंबिल ओळी आणि वर्षीतपाचे पारणे नेमके याच हंगामात येतात; तप असेल त्या वर्षी सहल पुढे ढकललेली बरी.

सामानाची यादी प्रत्येक बोट पाठवते, तिची पुनरुक्ती येथे नको. मात्र बोटीवर दुसरा मास्क, फिनचा पट्टा, संगणकघड्याळाची बॅटरी आणि रबरी कड्या आपल्या मापाच्या मिळतीलच याची खात्री नसते. रेग्युलेटरची वार्षिक दुरुस्ती निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर काही आठवडे आधी करून तारकर्लीसारख्या ठिकाणी एकदा पाण्यात तपासून घ्यावी. नुकतेच उघडून जोडलेले यंत्र पहिल्यांदा सुलू समुद्रात पारखायचे नसते. प्रवाहाने दूर वाहून गेल्यास बोटीला दिसावे म्हणून फुगवण्याचा तांबडा-नारिंगी नळा आणि शिट्टी प्रत्येकाजवळ स्वतःची हवी. कॅमेरा व टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या पिशवीतच न्याव्या लागतात.

याच बॅटऱ्यांवरून बोटीची पारखही करता येते. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या बोटीला आग लागली आणि तळमजल्यावर झोपलेले ३४ जण मृत्यू पावले. आग कशाने लागली हे ठरले नाही, परंतु रात्री फेऱ्या घालणारा पहारेकरी नव्हता हे चौकशीत सिद्ध झाले. निजण्याच्या जागेतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग होते खरे, पण दोन्ही एकाच जळत्या दालनात उघडत होते. तेव्हा नोंदणी करतानाच विचारावे: रात्री जागा कोण असतो, चार्जिंग कोठे होते, खालून वर येण्याची दुसरी वाट कोठे निघते. किमतीची घासाघीस करणाऱ्या माणसाला हे तीन प्रश्न विचारायला संकोच वाटू नये. उत्तर देताना कोणी चिडला, तर दुसरी बोट पाहावी. चढल्यावर त्या दुसऱ्या वाटेने एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे, मुलांनाही न्यावे.

परतीचे विमान ठरवताना पुन्हा नत्रवायू आडवा येतो. विमानाच्या केबिनमधील दाब जमिनीवरील दाबाहून कमी असतो. त्यामुळे अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा सल्ला आहे. पुष्कळ बोटी २४ तास सांगतात. दुकान एक दिवस आधी उघडावे म्हणून हा अवधी कापणारे असतात. त्यापेक्षा तो दिवस पुएर्तो प्रिन्सेसात काढावा, सामान गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, आणि उरलेल्या वेळात जमिनीखालून समुद्राला मिळणारी तेथील प्रसिद्ध नदी होडीतून पाहून यावे.